यंदा कोणते पुस्तक?

नोव्हेंबर सरत आला की भिंतीवरच्या दिनदर्शिकेला अजून एक पान शिल्लक असते. मंडळीचे वर्ष मात्र त्याआधीच उलटते. ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा जो रविवार, तो आगमनकाळाचा पहिला रविवार, आणि तोच ख्रिस्ती उपासनेचा वर्षारंभ. वेदीवर जांभळे वस्त्र येते, हिरव्या पानांच्या चक्रातली पहिली मेणबत्ती उजळते, माळ्यावरच्या खोक्यातून गेल्या वर्षीच्या कागदी चांदण्या बाहेर निघतात आणि स्वयंपाकघरात करंज्यांच्या सारणाचे हिशेब सुरू होतात. आपल्यापैकी अनेकांच्या मंडळ्यांना या रविवारी आणखीही एक स्मरण असते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. तो दिवसही आगमनकाळाचा पहिला रविवारच होता. निरनिराळ्या चालीरीती, निरनिराळी उपासनापद्धती आणि बाप्तिस्म्याविषयीचे निरनिराळे आग्रह घेऊन आलेली माणसे त्या दिवसापासून एका नावाखाली बसू लागली. एका नावाखाली बसणे आणि एका पुस्तकाभोवती बसणे यांत मात्र बरेच अंतर आहे, हे ज्यांनी मंडळीतल्या प्रौढांच्या अभ्यासगटात काही वर्षे काढली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

या दिवसांत पास्टोरेट कमिटीपुढे विषयांची रांग लागलेली असते. रोषणाईचा खर्च कोणी करायचा, कॅरलची फेरी कोणत्या वस्तीपासून सुरू करायची, शब्बाथशाळेच्या नाटिकेत मेंढपाळ किती आणि देवदूत किती, या प्रत्येक प्रश्नावर माणसे हिरिरीने बोलतात. सगळे आटोपता आटोपता कुणीतरी विचारते, प्रौढांच्या गटात यंदा काय घ्यायचे? तोवर चहा आलेला असतो. पाळकसाहेब सुचवतील काहीतरी, असे म्हणून विषय मिटतो, आणि पाळकसाहेबांना त्या घटकेला जे आठवते किंवा एखाद्या परिषदेत जे फुकट मिळालेले असते, ते पुस्तक वर्षाचे पुस्तक ठरते. आठवड्यातली एक संध्याकाळ, वीसपंचवीस कामकरी, संसारी माणसांचा वेळ, वर्षभर ज्याच्या हवाली करायचा त्याची निवड अशी उभ्याउभ्या व्हावी, यात काही वावगे आहे असेही आपल्याला आता वाटेनासे झाले आहे.

आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ, आणि वाट पाहणारा माणूस काय मागतो याचे एक फार जिव्हाळ्याचे उदाहरण नव्या करारातच आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस बंदिवान पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला हिवाळ्यापूर्वी यायला सांगतो आणि येताना त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आणि पुस्तके आणण्याची विनवणी करतो. ज्याची पत्रे पुढे स्वतःच पवित्र शास्त्राचा भाग झाली, त्या माणसाला थंडीत अंगावर घ्यायच्या वस्त्राइतकीच वाचायच्या पुस्तकांची निकड होती. मिळेल ते वाचीन, असेही तो म्हणत नाही. चर्मपत्रांचा उल्लेख तो मुद्दाम वेगळा करतो. ती पुस्तके कोणती, त्या चर्मपत्रांवर काय लिहिले होते, हे पत्रातून कळत नाही. पण त्याला नेमके काय हवे होते हे त्याला ठाऊक होते, एवढे कळते. आपल्याला ते ठाऊक आहे का, हा प्रश्न वर्षारंभी स्वतःला विचारायला हरकत नाही.

आपल्या भाषेत तर अशा निवडीची कहाणी चारशे वर्षांहून जुनी आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स साष्टी प्रांतात काम करीत होते. त्यांच्यापुढे बसणारी माणसे नव्याने बाप्तिस्मा घेतलेली आणि पुराणश्रवणाच्या संस्कारात वाढलेली होती. जुने ग्रंथ त्यांच्याजवळून गेले होते. पोर्तुगीज सत्तेने ते हिरावून घेतले होते, हेही आपण विसरू नये. त्यांच्या जागी आली होती प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाची छोटी पुस्तिका. तिच्याने त्यांची भूक भागत नव्हती, आणि स्टीफन्स यांचे मोठेपण हे की त्यांनी या असमाधानाला अश्रद्धा मानले नाही. श्रोत्यांच्या कानांना ओवीची सवय आहे हे ओळखून त्यांनी ओवी घेतली, पुराणाचा घाट घेतला, आणि जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा सुमारे ११,००० ओव्यांत सांगितली. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले; रविवारी आणि सणावारी ते मंडळीसमोर मोठ्याने वाचले जाई. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापावे लागले, यावरून त्याला किती कान लाभले असतील याची कल्पना येते. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले, म्हणून आज आपल्यालाही ते उघडता येते.

या कहाणीतला जो भाग आपल्या कामाचा आहे तो ग्रंथाच्या थोरवीपेक्षा वेगळा आहे. स्टीफन्स यांनी आरंभ केला तो समोर बसलेल्या माणसांपासून. आपण पुस्तक निवडताना बहुधा उलट दिशेने चालतो. पुस्तक शास्त्राला धरून आहे ना, लेखक नावाजलेला आहे ना, दुसऱ्या मंडळीत ते चालले आहे ना, हे प्रश्न आपण आधी विचारतो. ते रास्तच आहेत. पण त्यांच्याही आधी गटाकडे पाहायला हवे, आणि गटातही जो बोलत नाही त्याच्याकडे. आपल्या कोणत्याही गटावरून नजर फिरवावी: एक निवृत्त गुरुजी असतात, त्यांच्या घरी भाष्यग्रंथांचे कपाट असते, रात्रपाळी करून थेट आलेली मिशन हॉस्पिटलातली सिस्टर असते, ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक निम्मेअधिक पाठ असलेल्या, पण छापील गद्य सावकाश लावणाऱ्या आजी असतात, इंग्रजी माध्यमातून शिकलेले, मराठी समजणारे पण मराठी वाचायचे म्हटले की अंग चोरणारे तरुण जोडपे असते, आणि एखादे जावईबापू असतात, जे दुसऱ्याच पंथात वाढलेले असल्यामुळे काही बोललो तर सासुरवाडीला आवडेल की नाही या विवंचनेत असतात. वर्षभर बोलतात ती मात्र तीच तिघेचौघे. बाकीच्यांना आपण श्रोते म्हणतो, नम्र म्हणतो, आणि त्यांचे मौन हीच त्यांची संमती समजून पुढच्या प्रकरणाकडे वळतो. जे पुस्तक या गप्प माणसांपैकी एकालाही बोलते करील ते आपल्या गटासाठी योग्य, आणि जे केवळ गुरुजींना आणखी बोलते करील ते कितीही थोर असले तरी यंदा कपाटातच राहावे. पुस्तकाची निवड ही कोण बोलणार याची निवड असते, म्हणून ती पाळकसाहेबांवर टाकून मोकळे होता येत नाही.

या कसोटीवर उतरणारे पहिले पुस्तक आपल्या घरातच आहे, आणि आपण ते बाहेरच्यांना देऊन बसलो आहोत. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून मराठी वाचकाने ते डोक्यावर घेतले. ते अभ्यासक्रमात लागले, त्यावर समीक्षा झाली, त्यातल्या विनोदाचे गोडवे गायले गेले. पण मंडळीच्या अभ्यासगटात ते किती वेळा वाचले गेले? तो साहित्याचा ग्रंथ, आपल्याला शास्त्राचा हवा, असे आपण म्हणतो. म्हणताना एवढेही ध्यानात येत नाही की विश्वास माणसाच्या आयुष्यात कसा येतो, किती उशिरा येतो आणि आल्यावर घरात किती उलथापालथ करतो, याचा इतका खरा वृत्तान्त मराठीत दुसरा नाही.

लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा झाला त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. मधली ही वर्षे आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत सहसा एका वाक्यात उरकली जातात. लक्ष्मीबाई त्या वर्षांतून आपल्याला घरोघर, गावोगाव हिंडवतात. नवऱ्यावर राग आहे, त्याच्यावाचून करमतही नाही. सोवळे सुटत नाही आणि सोवळ्याचा अर्थही हळूहळू उरत नाही. नातेवाईक सांभाळतात आणि टोचतातही. ज्या वडिलांच्या सोवळ्याओवळ्याच्या वेडाने घर हैराण झाले होते त्या घरची ही मुलगी जातिभेदाच्या कल्पनेपासून कशी सुटत गेली, हे ती सांगते तेव्हा त्यात प्रवचनाचा सूर औषधालाही नाही. कोणत्या क्षणी श्रद्धा उपजली हे बोट ठेवून दाखवण्याची घाई तिला नाही. आपल्या गटांत साक्ष देण्याची जी ठरीव रीत पडली आहे, त्यात आधी अंधार, मग एक तारीख, मग उजेड, असा क्रम अटळ असतो. ज्यांच्या आयुष्यात अशी तारीख नाही ती माणसे मग साक्ष द्यायला उठतच नाहीत. त्यांना लक्ष्मीबाई वाचू द्याव्यात. घरातले एक माणूस विश्वासात आणि दुसरे बाहेर, अशी घरे आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. रविवारी एकटीने येणाऱ्या बायका आहेत, बायकोसाठी येऊन मागच्या बाकावर बसणारे पुरुष आहेत. या पुस्तकाच्या दहाव्या पंधराव्या पानाला त्यांच्यापैकी कुणीतरी हसेल, आणि हसल्यावर बोलेल.

इंग्रजी माध्यमातल्या मंडळींची सोयही झालेली आहे. शांता गोखले यांनी केलेला संपूर्ण इंग्रजी अनुवाद २०१७ मध्ये आला. नवऱ्याने मराठी प्रत धरावी, बायकोने इंग्रजी, किंवा उलट. गटात मराठी मोठ्याने वाचले जात असताना मांडीवर इंग्रजी प्रत असणे यात कमीपणा नाही. मात्र एक पथ्य पाळावे. आमच्या लक्ष्मीबाई म्हणून मिरवण्यासाठी हे पुस्तक काढू नये. त्या बाई मिरवणुकीत सामील होणाऱ्या नव्हत्या, आणि त्यांचा विनोद सर्वांत आधी आपल्या माणसांवरच चालतो.

मग पवित्र शास्त्राचे काय, असा आक्षेप येईल, आणि यायलाच हवा. अभ्यासगटाचे पहिले पुस्तक तेच. बाकीची त्याच्या आवारात बसतात. परंतु शास्त्र वाचण्यातही निवड असते, हे आपण मान्य करीत नाही. वर्षानुवर्षे एकाच भाषांतरातून तीच वचने ऐकून ती इतकी गुळगुळीत झालेली असतात की कानावरून घरंगळून जातात. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची अखेरची कितीतरी वर्षे खर्चून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. कमी शिकलेल्या बायकांना कळावे हा त्यांचा हेतू होता, आणि ज्यांच्यासाठी ते होते त्यांच्यातल्याच स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९२४ मध्ये. पुढे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. हेच दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. एक प्रोटेस्टंट विदुषी, एक कॅथलिक धर्मगुरू. दोघांनाही चिंता एकच, की वाचणाऱ्याला कळावे. आगमनकाळाच्या चार आठवड्यांत यशयाचे वाचन होते. ते आपल्या नेहमीच्या प्रतीतून आणि या दोहोंपैकी एका भाषांतरातून असे शेजारी शेजारी वाचून पाहावे. ज्या ओळीवर आपण वर्षानुवर्षे आमेन म्हणत आलो ती दुसऱ्या शब्दांत समोर आली की माणूस थबकतो, आणि अभ्यास तिथेच सुरू होतो. प्रेषितांच्या कृत्यांतला कूशी अधिकारी रथात बसून हाच यशया वाचत होता. त्याला कळत नव्हते, आणि कळत नाही हे त्याने फिलिप्पाजवळ लपवले नाही. आपल्या गटात इतके मोकळेपणाने कबूल करणारा माणूस भेटणे दुर्मीळ होत चालले आहे.

परदेशातून येणाऱ्या अभ्यासपुस्तिकांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण आपल्या निम्म्याअधिक गटांची वर्षे त्यांतच जातात. गुळगुळीत कागद, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पाच प्रश्न, उत्तरासाठी रिकाम्या ओळी, आणि रिकाम्या ओळीत काय लिहायचे ते वरच्याच परिच्छेदात छापलेले. प्रौढ माणसांना पुन्हा चौथीत बसवणारी ही रीत आहे. उदाहरणे तर अशी, की त्यांतले कुटुंब उपनगरातल्या बंगल्याच्या हिरवळीवरून शेजाऱ्याशी भांडते. आपल्या सोलापूरच्या किंवा जालन्याच्या गटाला भांडायला पाण्याची पाळी असते, भावकीतली जमीन असते, जातीच्या दाखल्याचा प्रश्न असतो. त्या पुस्तिका वाईट हेतूने लिहिलेल्या नसतात. त्या दुसऱ्याच माणसांसाठी लिहिलेल्या असतात, एवढेच. देव मागाल तेवढी समृद्धी देतो असे शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दल मात्र इतकी उदारता दाखवण्याचे कारण नाही. कर्जात बुडालेल्या कुटुंबाला त्याचे कर्ज म्हणजे त्याच्या विश्वासाची उणीव असे सांगणारे पुस्तक गटात येऊच देऊ नये.

परके म्हणून सगळेच टाकावे, असे यातून कुणी घेऊ नये. जॉन बन्यनचे यात्रेकरूचे रूपक इंग्रजीत १६७८ मध्ये आले आणि हरी केशवजींनी ते ‘यात्रिक क्रमण’ या नावाने १८४१ मध्ये मराठीत आणले. मराठी कादंबरी जन्मायच्या आधी आपल्या वाचकाने ते वाचले. परक्या पुस्तकाला आपले करण्याची सवय आपल्याला जुनी आहे. म्हणून त्यांतही निवडून घ्यावे. सी. एस. लुइस यांचे ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आले, पण मुळात ती युद्धकाळात बीबीसी रेडिओवर सामान्य श्रोत्यांसाठी दिलेली भाषणे होती, आणि बोलण्याचा तो सूर पुस्तकात टिकला आहे. एका बैठकीला एक भाषण असे ते छान पुरते. डीट्रिख बोनहोफर यांचे विश्वासातल्या सहजीवनावरचे छोटे पुस्तक १९३९ चे. फिंकनवाल्डे येथे त्यांनी चालवलेले धर्मशिक्षणाचे निवासी विद्यालय १९३७ मध्ये गेस्टापोने बंद केले, आणि तिथल्या एकत्र जगण्याच्या अनुभवातून ते लिहिले गेले. एकत्र बसणाऱ्या माणसांना एकमेकांचा कंटाळा येतो, हे ते उघडपणे मान्य करते. आपल्या गटांनी हे वाचावे असे फार वाटते.

ज्याच्याशी आपले पटणार नाही असेही एक पुस्तक वर्षातून एकदा तरी घ्यावे. शुसाकु एन्दो या जपानी कॅथलिक कादंबरीकाराची १९६६ ची ‘सायलेन्स’ ही कादंबरी सतराव्या शतकातल्या जपानमधल्या छळाची आहे. दुसऱ्यांचा जीव वाचावा म्हणून धर्मगुरूने ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय द्यावा की नाही, हा प्रश्न ती वाचकापुढे ठेवते आणि त्याला तिथेच सोडून देते. अशा पुस्तकाने गट फुटेल, लोकांचा विश्वास डळमळेल, ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. आपला अनुभव मात्र असा, की गट फुटतात ते रोषणाईच्या खर्चावरून आणि कमिटीच्या निवडणुकीवरून. कादंबरीवरून एखादा गट फुटलाच, तर आपण ते वृत्त अभिमानाने छापू.

वर ज्या मराठी ख्रिस्ती नावांचा आपण गौरवाने उच्चार केला त्यांच्याकडे मात्र आता थोडे सावध होऊन पाहिले पाहिजे. रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई, सारी माणसे वरच्या जातीतून आलेली. बाबा पदमनजी, ज्यांची १८५७ ची ‘यमुनापर्यटन’ मराठीतली पहिली कादंबरी म्हणून सांगितली जाते, तेही शिकल्यासवरल्या घरातले. (ती कादंबरीही गटात वाचण्याजोगी आहे, विधवांची दुःस्थिती तिने ज्या काळी मांडली तो काळ लक्षात घेतला म्हणजे तिच्यातली उपदेशाची लांबलचक पाने सोडून देण्याइतकी मोकळीक आपण घ्यावी.) या मंडळींची धर्मांतरे गाजली, त्यांनी ती लिहिली, आणि कपाटात त्यांचीच पुस्तके बसली. पण रविवारी आपल्या बाकांवर बसणाऱ्यांत ज्यांची संख्या अधिक, त्यांचे पणजोबा या पुस्तकांत क्वचितच सापडतात. अहमदनगर जिल्ह्यातल्या, १८७६ ते १८७८ च्या दुष्काळातून आणि त्यानंतरच्या वर्षांतून आलेल्या महार आणि मांग कुटुंबांनी गावकीचा रोष पत्करून जो निर्णय घेतला, त्याची आत्मचरित्रे लिहिली गेली नाहीत. भाकरीसाठी गेले, असा शेरा मात्र त्यांच्यावर सहज मारला गेला, आणि तो मारणाऱ्यांत कधीकधी आपल्याच मंडळीतली प्रतिष्ठित माणसेही होती.

ही रिकामी जागा पुस्तक मागवून भरणार नाही. १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक, मंडळीच्या कपाटातली बाप्तिस्म्यांची आणि लग्नांची रजिस्टरे, गावोगावच्या ख्रिस्ती कीर्तनांतली आणि भजनांतली पदे, आणि ऐंशी पार केलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांची स्मरणशक्ती, एवढेच साहित्य हाताशी आहे. एखाद्या गटाने एक पूर्ण महिना यासाठी ठेवावा. रजिस्टराचे एक पान काढावे, त्यातली गावे नकाशावर शोधावीत, आडनावे कशी बदलत गेली ते पाहावे, आणि ज्यांना काही आठवते त्यांना बोलू द्यावे. तरुणांनी ते टिपून घ्यावे. जातीचा विषय अभ्यासगटात काढायचा नाही, असा एक अलिखित ठराव आपल्याकडे फार वर्षांपासून आहे. तो कोणत्या बैठकीत झाला हे कुणालाच सांगता येणार नाही. या महिन्यात तो मोडेल, आणि काही माणसे अस्वस्थ होतील. होऊ द्यावीत. वर्षभर यशया आणि आमोस वाचून जी अस्वस्थता येत नाही ती एका पिवळ्या पडलेल्या पानाने येत असेल तर ते पान अभ्यासाचेच आहे.

आता थोडे व्यवहाराचे, कारण चांगल्या निवडी व्यवहाराच्या उंबरठ्यावर अडखळतात. पुस्तक ठरवण्यापूर्वी निदान दोघांनी ते शेवटपर्यंत वाचलेले असावे. पहिले प्रकरण आवडले म्हणून घेतलेली पुस्तके चौथ्या प्रकरणाला गटाला एकटे टाकून जातात. त्या दोघांत पाळकसाहेब नसले तर उत्तमच. त्यांना एक वर्ष तरी श्रोत्याच्या खुर्चीवर बसू द्यावे, त्यांनाही त्याची गरज असते. अक्षराचा आकार पाहावा. साठीपुढच्या माणसाला बारीक टाइप वाचता येत नाही आणि तो ते सांगतही नाही, तो फक्त यायचा थांबतो. पुस्तक दुकानात मिळते का याची खात्री करावी, कारण आपली जुनी पुस्तके बाजारात दिसेनाशी झाली आहेत. ज्यांचे हक्क जिवंत लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडे आहेत त्यांच्या झेरॉक्स प्रती काढून वाटणे ही चोरी आहे, मग ती मंडळीच्या मशीनवर का काढलेली असेना. अर्पणाच्या पेटीतून दहा प्रती विकत घ्याव्यात आणि त्या हातोहात फिरवाव्यात. बैठकीत मोठ्याने वाचावे, आळीपाळीने वाचावे, आणि ज्याला वाचायचे नसेल त्याला कारण विचारू नये. घरी वाचून या, असे सांगितलेली पाने फारशी कुणी वाचून येत नाही, हे सत्य मान्य करून त्या बेताने वर्ष आखले तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

वर्ष आखताना ते गच्च भरू नये. आगमनकाळात यशया दोन भाषांतरांतून, नाताळानंतर लेंट लागेपर्यंत ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग, घाई न करता, लेंटच्या चाळीस दिवसांत छोटे, कठीण, सर्वांना एकत्र बसवणारे एखादे पुस्तक, पुनरुत्थानदिनानंतर लुइस किंवा एन्दो, गटाच्या धाडसाप्रमाणे, पेन्टेकॉस्टनंतर रजिस्टराचा महिना. पावसाळ्याचे दोन महिने मोकळेच ठेवावेत. त्या दिवसांत कुणाची पेरणी असते, कुणाच्या मुलांचे प्रवेश असतात, आणि खेड्यातल्या गटांत निम्मी माणसे चिखलामुळे येतच नाहीत. जे येतील त्यांनी त्या महिन्यांचे पुस्तक स्वतः निवडावे. आतापर्यंत जो सर्वांत कमी बोलला असेल त्याला निवडायला सांगावे, आणि त्याने आणलेले पुस्तक कोणतेही असो, पहिले पान गुरुजींनी वाचावे.